भेगेचा हिशेब, मंडईच्या गणितानं

जानेवारी १९४३. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये 'स्केनेक्टेडी' हे कोरं करकरीत टँकर जहाज धक्क्याला शांत उभं होतं. ना वादळ, ना टक्कर. तरी ते अचानक मधोमध दुभंगलं! एक भेग धावत सुटली होती. भेग कधी गप्प बसते आणि कधी धावते?

पहिलं उत्तर १९२१ मध्ये ग्रिफिथनं दिलं होतं. ताणलेल्या स्प्रिंगमध्ये ऊर्जा साठते, तशी ताणलेल्या पत्र्यातही साठते. भेग वाढली की त्यातली काही मोकळी होते, पण नवे पृष्ठभाग तयार करायला ऊर्जा खर्चही होते. मोकळी होणारी ऊर्जा खर्चाला पुरली, की भेग पळाली!

पण मोकळी होणारी ऊर्जा मोजायची कशी? भेगेच्या टोकाशी ताण इतका प्रचंड, की कागदावर तो थेट अनंत येतो.

इथे आपली मंडई कामी येते. गुलटेकडीहून माल आत येतो, गिऱ्हाइकं पिशव्या भरून बाहेर नेतात. मंडईभोवती खडूनं रेघ मारा आणि ती ओलांडणारा माल मोजा. आत गेलेला वजा बाहेर आलेला, म्हणजे आत उरलेला. आता रेघ पार शिवाजी रोड, बाजीराव रोडपर्यंत न्या. मधे कुणी माल ठेवून घेतला नाही, तर उत्तर तेच! गाळ्यात डोकावायची गरजच नाही.

१९६८ मध्ये जेम्स राइसनं भेगेसाठी हेच केलं. भेगेच्या एका काठावरून निघायचं, टोकाला वळसा घालून दुसऱ्या काठावर यायचं आणि वाटेतल्या ऊर्जेची, ताणाची ठरावीक बेरीज करायची. याचं नाव जे-इंटिग्रल. वळसा लहान घ्या वा मोठा, उत्तर एकच: भेग पुढे सरकली तर किती ऊर्जा मोकळी होईल. म्हणजे टोकाची खबर लांबूनच मिळते.

हे जमतं कशामुळे? पदार्थ इथेही तोच आणि थोडं सरकून पाहिलं तरी तोच, म्हणून. अशा प्रत्येक सारखेपणामागे एक अक्षय्यतेचा नियम असतो, हे एमी नोदरनं १९१८ मध्येच सिद्ध केलं होतं.

अट मात्र विसरू नका. मंडईच्या १८८६ च्या दगडी इमारतीत दगड वेगळा, सांधा वेगळा. वळसा मोठा करताना असा सांधा आत आला, की बेरीज बदलू शकते. रस्त्यात मधेच कुणी हातगाडी लावून माल उतरवून घेतला, तर मंडईचा हिशेब तरी कुठे जुळतो?