कौलं किती लागतील?

गावाकडचं घर शाकारताय? जोत्याचं माप धरून मंगलोरी कौलं मागवलीत तर हमखास कमी पडतील. छप्पर उतरतं असतं, शिवाय वळचण बाहेर येते, हेच आपण विसरतो.

३० बाय २० फुटांचं दुपाखी घर घ्या. चारी बाजूंना दोन-दोन फूट वळचण धरली की ३४ × २४, म्हणजे ८१६ चौरस फूट. उतार ३० अंशांचा असेल तर १.१५ ने गुणा: साधारण ९४०. चौरस मीटरला १५ कौलं, म्हणजे चौरस फुटाला सुमारे १.४. झाली १,३२०. फुटतूट धरून १,४०० सांगा. आढ्यावरची कौलं वेगळी मोजायची.

दर विचारताना गाडीभाडं, उतरवणी धरून विचारा. स्वस्त कौल तिथेच महागतं. रिपा-वाशांचा खर्च यात नाही बरं का!

तुमच्याकडे सध्या शेकडा काय भाव आहे, तेवढं सांगा.