आठवायला लावतो तोच खेळ

मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडसारख्या कपाशीच्या गावात वाढलेल्या मुलाला गुलाबी बोंडअळी ओळखायला पुस्तक लागत नाही. बोंड फोडलं की आत सरकी पोखरत बसलेली अळी त्यानं पाहिलेली असते. कामगंध सापळ्यात अडकलेले पतंग मोजून फवारणीचं ठरवायचं, हे बोलणं त्याच्या ओसरीवरचं असतं. २०१७ च्या हंगामात या किडीनं विदर्भातल्या कपाशीचं अतोनात नुकसान केल्यापासून तर तिचं नाव घरोघरी झालं. तोच मुलगा सेमी-इंग्रजीच्या वर्गात बसला की लारवा, प्यूपा, मॉथ, फेरोमोन हे शब्द त्याला कुठल्या तरी परक्या जीवाचे वाटतात. अळी माहीत, पण ‘लारवा’ म्हणजे तीच हे माहीत नाही. विज्ञानात मागं पडणारी कितीतरी मुलं खरं तर शब्दांत अडकलेली असतात. ही अडचण सोडवायला साधे ऑनलाइन खेळ चांगले उपयोगी पडतात. मात्र ते उपयोगी का पडतात, याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर, म्हणजे ‘मुलांना मजा येते’, अपुरं आहे. खेळ मुलाला शब्द आठवायला लावतो की नाही, यावर सगळं अवलंबून असतं.

आधी शब्दांचा त्रास नेमका कुठं होतो ते पाहू. लांबलचक शब्दांना आपण उगाच घाबरतो. फोटोसिंथेसिस फोडला की ‘फोटो’ म्हणजे प्रकाश आणि ‘सिंथेसिस’ म्हणजे संश्लेषण. मराठीतला प्रकाशसंश्लेषणही त्याच मापानं बेतलेला. थर्मामीटर आणि तापमापी यांचंही तसंच. खरे फसवे असतात ते छोटे, ओळखीचे शब्द. ‘सेल’ म्हटलं की मुलाला बॅटरीतला सेल आठवतो, जीवशास्त्रात तो पेशी होतो. ‘बेस’ म्हणजे पाया हे माहीत असतं, रसायनशास्त्रात तो आम्लारी. ‘सोल्यूशन’ गणितात उत्तर आणि प्रयोगशाळेत द्रावण. डोक्यावर पोतं घेऊन तासभर उभ्या राहिलेल्या हमालानं पोत्यावर भौतिकशास्त्राच्या हिशेबानं ‘वर्क’ केलेलंच नसतं, कारण पोतं जागचं हललं नाही. असे शब्द अर्थासकट पक्के व्हायला पुन्हा पुन्हा वापरावे लागतात, आणि पन्नास मिनिटांच्या तासात तेवढी संधी प्रत्येकाला मिळत नाही.

पण पुन्हा पुन्हा म्हणजे पुन्हा पुन्हा वाचणं नव्हे. कार्पिकी आणि रोडिगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी लक्षात ठेवण्याजोगा आहे. विद्यार्थ्यांना स्वाहिली शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ अशा ४० जोड्या शिकवल्या. एखादी जोडी एकदा बरोबर आली की काहींनी ती नुसती वाचत राहायचं, काहींनी ती न वाचता आठवून सांगत राहायचं. आठवड्यानंतर आठवत राहिलेल्यांना सुमारे ८० टक्के जोड्या आल्या, तर वाचत राहिलेल्यांना जेमतेम ३५ टक्क्यांच्या आसपास. पाठांतराच्या वहीपेक्षा साधा शब्दखेळ सरस ठरू शकतो तो यामुळं. तो दर अर्ध्या मिनिटाला विचारतो, चुकलं तर लगेच सांगतो, आणि वर्गात हसं होण्याची भीती ठेवत नाही. २००७ मध्ये सुरू झालेला ‘फ्रीराइस’ हा खेळ किती साधा होता पाहा. पडद्यावर एक इंग्रजी शब्द आणि चार पर्याय, बरोबर उत्तरामागं भुकेल्यांसाठी तांदळाचे काही दाणे. उत्तरं बरोबर येत गेली की शब्द अवघड होत, चुकली की सोपे.

तरीही चार पर्यायांत चारातून एकदा तुक्का लागतोच. म्हणून खेळ पायरीपायरीनं अवघड करत न्यावा. बोंडअळीचंच उदाहरण घेऊ. पहिल्या दिवशी अंडं, अळी, कोष आणि पतंग यांची चार चित्रं आणि एग, लारवा, प्यूपा, मॉथ हे चार शब्द, जोड्या लावायच्या. दोन दिवसांनी पर्याय काढून घ्यायचे, चित्र पाहून शब्द लिहायचा. आठवड्यानं चित्रही नको, नुसते प्रश्न : बोंड कोण पोखरतं? कामगंध सापळ्यात कोण येतं, आणि त्यातही नरच का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला सापळ्यातलं फेरोमोन म्हणजे मादी सोडते तसा गंध, हे कळलेलंच असावं लागतं. असा खेळ ऑनलाइन प्रश्नमंजुषेच्या कुठल्याही फुकट साधनावर शिक्षकाला अर्ध्या तासात करता येतो. उलट, ज्यात गाडी पळवायची, नाणी गोळा करायची आणि मधूनच एखादा शब्द वर तरंगतो, त्यात मूल शब्द न वाचताही जिंकतं. नाण्यांसारख्या बक्षिसांचा दुसराही धोका आहे. १९७३ च्या एका गाजलेल्या प्रयोगात, चित्रं काढल्याबद्दल बक्षीस मिळेल असं आधी सांगितलेली बालवाडीतली मुलं पुढं आपणहून चित्रं काढायला कमी वळली.

यावर पहिला रास्त आक्षेप असा की शब्द म्हणजे विज्ञान नव्हे. मान्य. ‘करंट’ला विद्युतधारा म्हणतात हे सांगणाऱ्याला दिवा का लागला ते सांगता येईलच असं नाही. म्हणून शब्दखेळाला प्रयोगखेळाची जोड हवी. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पाची सिम्युलेशन्स मोफत आहेत आणि त्यांतली बरीच मराठीतही आहेत. मुलानं बॅटरी, वायर आणि बल्ब जोडायचे, वायर काढून बघायची, दुसरा बल्ब लावल्यावर उजेड मंद का झाला ते शोधायचं. हे आधी मराठीत करावं आणि मग तेच इंग्रजीत उघडावं. कल्पना पक्की असली की नवा शब्द तिला सहज चिकटतो.

दुसरा आक्षेप मोबाइलच्या नादाचा. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी आदल्या आठवड्यात ७६ टक्क्यांनी तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता, अभ्यासासाठी ५७ टक्क्यांनी. म्हणजे फोन हातात आलेलाच आहे, त्यावर काय उघडायचं एवढाच प्रश्न उरतो. त्यातली दहा मिनिटं पुरतात. चार मुलांत एक फोन असेल तर उलट बरं, उत्तरावर वाद होतो. रेंज नसेल तर फेटची सिम्युलेशन्स आधी उतरवून ठेवता येतात. वीजच नसेल तर तेच प्रश्न पत्त्यांएवढ्या कागदांवर लिहून खेळता येतात, कारण आठवण्याचं काम डोकं करतं, पडदा नव्हे. पडद्याचा फायदा एवढाच की तो न कंटाळता विचारतो आणि तपासतो.

तिसरा आक्षेप मराठीच्या काळजीचा, आणि त्याचं उत्तर रोहिणखेडच्या मातीतच आहे. खानदेश आणि वऱ्हाडाच्या सीमेवरच्या या गावाजवळ १४३७ मध्ये बहमनी आणि फारुकी फौजा भिडल्या, १५९० च्या सुमारास निजामशाहीच्या गादीचा निकाल इथंच लागला. त्या सुलतानांच्या राजवटींत फारसीतून आलेले जमीन, दुकान, कागद हे शब्द आज कुणाला परके वाटतात? भाषा शब्द घेतल्यानं मरत नाही. मूल ‘लारवा’ शिकून ‘अळी’ विसरलं, तर मात्र नुकसान दोन्हीकडचं. म्हणून खेळातला प्रत्येक इंग्रजी शब्द मराठी शब्दाच्या जोडीनंच यावा. शिक्षकानं वा पालकानं खेळ निवडताना एकच गोष्ट तपासावी : यातला एकही शब्द न वाचता माझं पोर जिंकू शकेल का? जिंकत असेल, तर तो खेळ सुट्टीसाठी ठेवावा.