चपला कोण सांभाळणार?

समुद्रावर गेलेल्या कुठल्याही मराठी कुटुंबाचा अल्बम उघडून बघा. पुरुष पाण्यात, पोरं पाण्यात आणि काठावर एक बाई. तिच्या एका हातात सगळ्यांच्या चपला, दुसऱ्या हातात टॉवेल, खांद्याला पर्स आणि पर्समध्ये चार घड्याळं न् तीन मोबाइल. साडी घोट्याच्या वर चार बोटं उचललेली. लाट आली की ती दोन पावलं मागं सरकते. मैत्रिणींनो, ती बाई म्हणजे मी. पंचवीस वर्षं हे काम मी इमानेइतबारे केलं. गणपतीपुळ्याला केलं, काशीदला केलं, गोव्याला कळंगुटलासुद्धा केलं.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या भिशीच्या आठजणी मालवणला निघालो. आम्ही दहिवडीकडच्या, माणदेशातल्या. पाणी आम्ही डोक्यावरून वाहिलं, टँकरच्या रांगेत उभं राहून भरलं, पुरवून पुरवून वापरलं. पण पाण्यात कधी उतरलो नाही. कराड, कोल्हापूर, राधानगरी करत गाडी फोंडाघाट उतरली. कणकवली मागं पडेपर्यंत अंताक्षरी चालू होती. तेवढ्यात माझ्या मोठ्या जाऊबाई, अक्का, शांतपणे म्हणाल्या, "मी ते पाण्याखालचं करणार हाय. टीव्हीवर बघितलंय." गाडीत एकदम शांतता. अक्कांचं वय एकोणसाठ, बीपीची गोळी रोज सकाळी.

तुम्हाला खरं सांगू? मला हसू नाही आलं, भीती वाटली. माझी आत्तेबहीण विहिरीत गेली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. घागर भरताना पायरीवरून तिचा पाय घसरला. काठावर सहा-सात बायका होत्या. सगळ्या ओरडत होत्या, कुणी पदर सोडून खाली टाकला, पण पोहता येणारी एकही नव्हती. शेतातून माणूस धावत येईपर्यंत उशीर झाला होता. त्यानंतर गावात काय झालं माहितेय? मुलांना पाठीला डबा बांधून पोहायला शिकवलं आणि मुलींना विहिरीकडं फिरकायची बंदी झाली. इतकी वर्षं मला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं.

तर मालवण. सकाळी किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर सिंधुदुर्ग. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर याची पायाभरणी केली. या परिसरातल्या खडकांवर प्रवाळ वाढतं आणि त्याच्या आसऱ्याला रंगीत मासे असतात. १९८७ मध्ये मालवणच्या समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पाणी नितळ असतं ते साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात हा सगळा खेळ बंद असतो, आणि तो बंदच असायला हवा.

किनाऱ्यावर स्कूबावाल्यांची रांगच असते. पहिल्या माणसाकडं गेलो. त्यानं एक कागद पुढं केला. दमा आहे का, फिट येते का, हृदयाचा त्रास, रक्तदाब, कानाचं ऑपरेशन, गरोदर आहात का, असे प्रश्न. अक्कांनी बीपीचं सांगितलं. तो म्हणाला, "काय होत नाय मावशी, सगळीकडं 'नाही' लिहा." आमच्यातल्या बँकेत नोकरी करणाऱ्या वहिनींनी तो कागद त्याच्यासमोर घडी घालून परत दिला. बँकेतल्या बायकांना कोऱ्या कागदावर सही म्हटलं की चटका बसतो!

दुसऱ्या ठिकाणचा पोरगा पंचविशीचा. त्यानं कागद नीट वाचला आणि अक्कांना म्हणाला, "काकी, डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय तुमका नेऊक नाय." अक्का रागावल्या. "मग मी काय चपला सांभाळायला आले का हितं?" तो हसला, पण बधला नाही. मला तो तिथंच आवडला. पैसे समोर दिसत असताना 'नाही' म्हणणारा माणूस आपला जीव सांभाळेल, हा माझा साधा हिशेब.

आता कपड्यांचं. हा प्रश्न आपण कुणाला विचारत नाही आणि त्यापायीच निम्म्या जणी मागं राहतात. ओली साडी पायात गुंडाळते, तिचं वजनही वाढतं. पाण्यात ती नकोच. ओढणीही नको, आणि जेट स्की किंवा पॅरासेलिंगला तर अजिबातच नको, कारण ती कुठंही अडकू शकते. लेगिंग आणि लांब बाह्यांचा अंगाबरोबरचा टी-शर्ट पुरतो, पाणबुड्याचा सूट तिथं मिळतो. मंगळसूत्र, कानातलं खोलीवरच ठेवा. केस घट्ट बांधा. मुखवट्याच्या कडेखाली एक बट जरी राहिली तरी तिथून पाणी आत येतं. पाळी आलेली असली तरी नुसत्या त्या कारणानं डायव्हिंग चुकवायची गरज नाही. सर्दी असेल तर मात्र नाही म्हणा, कारण मग कान मोकळे होत नाहीत.

कानाचं गणित त्या पोरानं छान सांगितलं. दर दहा मीटरला पाण्याचा दाब हवेच्या एका दाबाइतका वाढतो. म्हणून खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, कान सुटतात. दुखायला लागल्यावर नव्हे, दुखायच्या आधीपासूनच मारत राहायची. दुसरा नियम, श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दहा मीटरवर छातीत भरलेली हवा वर येईस्तोवर दुप्पट जागा मागते. श्वास कोंडला तर फुप्फुसाला इजा होते. तिसरी गोष्ट म्हणजे खुणा. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. अंगठा वर केला तर अर्थ होतो 'मला वर न्या'. आमच्या एका मैत्रिणीनं मासे बघून आनंदानं अंगठा दाखवला आणि ती दुसऱ्या मिनिटाला बोटीत! बिचारीला दोनदा जावं लागलं.

माझी पाळी आली. आधी उथळ पाण्यात बसून तोंडानं श्वास घ्यायचा सराव झाला. एवढं सोपं, पण मला जमेना. तोंड पाण्याखाली गेलं की विहीर आठवायची. तीनदा मी मुखवटा काढून टाकला. तो पोरगा ओरडला नाही, घाईही केली नाही. "भियां नको गे काकी, मी आसंय." चौथ्यांदा माझा मलाच श्वास ऐकू आला. खर्रर्र, मग बुडबुडे. खर्रर्र, मग बुडबुडे. त्या आवाजाकडं कान लावून मी खाली गेले. तो माझ्या मागं सिलिंडर धरून होता. खोली किती? जेमतेम चार-पाच मीटर. आमच्या विहिरीहून कमीच.

खाली काय होतं? काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे, खडकावर मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं प्रवाळ, एका कपारीत काळेकुट्ट काटे उभारून बसलेलं काहीतरी. वरून येणारं ऊन वाळूवर जाळ्यासारखं हलत होतं. शेजारच्या गटातला कुणीतरी फोटोसाठी माशांना पाव टाकत होता, ते मला खटकलं. प्रवाळावर तर पायही ठेवू नये. दिसतो दगड, पण तो जिवंत असतो. पण खरं सांगायचं तर मासे मला फार आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच, की डोक्यावरून पाणी गेलं होतं आणि मी श्वास घेत होते. बोटीत आल्यावर मी रडले. बाकीच्यांना वाटलं खारं पाणी डोळ्यांत गेलं.

हे सगळं गोडगोड लिहून थांबणं बरं नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. म्हणजे धोका पाण्याखालीच असतो असं नाही, जाता-येताच्या प्रवासातही असतो. बोटीत बसायच्या आधी लाइफ जॅकेट अंगावर चढवून पट्टे आवळा, नुसतं खांद्यावर टाकू नका. माणसं मोजा, जास्त वाटली तर उतरा. लाज वाटते, पण उतरा. बनाना बोटवाले मजा म्हणून मुद्दाम पाण्यात पाडतात, ते आधीच विचारून घ्या. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षकांची व्यवस्था आहे. पोहायची जागा लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली, नुसता लाल असेल तर पाण्यात जायचंच नाही. आणि डायव्हिंग झाल्यावर निदान १२ तास विमानात बसू नये. त्याच दिवशी घाट चढणंही टाळलेलं बरं, म्हणून आम्ही मुक्काम वाढवला.

मुक्काम वाढला म्हणून वेंगुर्ल्याला जाणं झालं. तिथल्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या बायका २०१७ पासून कांदळवनाची सफर चालवतात. वल्ही त्याच मारतात, माहितीही त्याच सांगतात. झाडावर असतानाच बीला कोंब कसा फुटतो, माशांची पिल्लं मुळांच्या जाळ्यात कशी वाढतात, हे ऐकताना वाटलं, एवढं आपल्याला शाळेत का नाही सांगितलं? अक्का गप्प होत्या. आदल्या दिवशीचा राग अजून होता. मग त्यांनी अचानक वल्हं मागितलं. त्या बाईनं जरा विचार केला, पाणी संथ होतं, दिलं. पहिल्या चार झटक्यांत बोट गोल फिरली. पाचव्याला सरळ निघाली. जन्मभर विळा न् खुरपं चालवलेले हात ते. अक्का वल्हं परतच देईनात!

परतीच्या वाटेवर चौकशी केली. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. रीतसर 'ओपन वॉटर' प्रमाणपत्र मिळवलं की १८ मीटरपर्यंत जाता येतं; पण त्यासाठी २०० मीटर पोहून दाखवावं लागतं आणि दहा मिनिटं तरंगावं लागतं. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा होतात, त्यात लहान लहान मुली समुद्र कापतात. आम्ही सगळ्या चाळिशीच्या पुढच्या. बघू.

यंदा पाऊस बरा झाला. दिवाळीनंतर माझ्या भाच्याच्या विहिरीला पाणी होतं. तो चांगला पोहतो, त्याला काठाला दोर बांधायला लावला आणि शेतावरचे दोन गडीही बोलावून ठेवले. डबे तीनच मिळाले, म्हणून पाळ्या लावल्या. अक्कांनी डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी 'हळूहळू, थकेपर्यंत नाही' म्हणून सांगितलेलं. त्यांच्या दोन्ही सुना न् माझी लेक आधीच पाण्यात. अक्का पायरीवर बसून पाठीला डबा आवळून घेत होत्या. वरून कुणीतरी ओरडलं, "अहो, कुत्रं चपला घेऊन चाललंय!"

"न्हेऊ दे," अक्का म्हणाल्या, आणि पुढची पायरी उतरल्या.