वस्तीतील बागा : लेखांक सातवा
न कुजणारी फळी

न्यूयॉर्क शहरातील सामुदायिक बागांचे बागवान जमिनीत सरळ बी न पेरता, फळ्यांच्या चौकटीत बाहेरून आणलेली माती भरून उंच वाफे का रचतात, याचा उलगडा मागील लेखांकात केला होता. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा आणि जुन्या रंगातून उतरलेले शिसे ज्या भूमीत मुरलेले आहे, तिच्यात गाजर-पालक पिकविणे म्हणजे विषाशी सोयरीक जोडणे होय. आज विचार करावयाचा आहे तो त्या चौकटीचा. विषय फळीएवढाच अरुंद दिसेल. पण या बागांच्या हिशेबवहीत मातीखालोखाल मोठा खर्च बहुधा तिच्याच नावे पडतो.

एका बाजूने सदैव ओली माती आणि दुसऱ्या बाजूने ऊन-पाऊस अशा कात्रीत सापडलेले साधे पाइनचे लाकूड थोड्याच वर्षांत कुजते. म्हणून तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक, म्हणजे आपल्या वैद्यांचा सोमल, यांचे मिश्रण दाबाने मुरविलेले हिरवट लाकूड तिकडे दीर्घकाळ बिनदिक्कत वापरले गेले. हा सोमल हळूहळू भोवतालच्या मातीत उतरतो, हे ध्यानी आल्यावर उत्पादकांनीच 2003 अखेर घरगुती वापरासाठी असे लाकूड पुरविणे थांबविले. शिसे टाळण्यासाठी वाफा रचावा आणि त्याच्या भिंतीतच सोमल असावा, हे आगीतून फुफाट्यात पडणे होते. डांबरी तेल पाजलेले रेल्वेचे जुने स्लीपर स्वस्त मिळत, पण त्यांची जातही तीच.

या पेचातून ज्या काही वाटा निघाल्या, त्यांपैकी एक म्हणजे पुनर्वापरित प्लॅस्टिकची फळी. दुधाचे मोठे कॅन, कपडे धुण्याच्या द्रवाच्या बाटल्या इत्यादी ज्या वस्तूंच्या तळाशी त्रिकोणात 2 हा आकडा असतो, त्या उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनच्या असतात. त्या निवडून, धुऊन, त्यांचा चुरा करून तो वितळवितात, साच्यातून दाबून काढतात आणि पाण्यात थंड करतात. बाहेरची कड आधी आळते व गाभा मागाहून आकसतो. म्हणून अशी फळी कापली की मधोमध बारीक पोकळ्या दिसतात. त्यात दोष काही नाही. काजळी मिसळलेली काळी फळी उन्हाला अधिक टिकते. लाकडाचा भुसा घातलेली मिश्र फळी मात्र हिची सावत्र बहीण समजावी: भुसा पाणी पितो आणि त्याबरोबर बुरशीलाही जेवू घालतो, सबब ओल्या मातीला टेकणाऱ्या वाफ्यासाठी ती घेऊ नये.

फळी म्हटले की सुताराचा हात सवयीने चालतो, आणि फसगत होते ती येथेच. ही वस्तू करवतीने कापली जाते, पेच धरते, रंगरूपाने लाकडाची बतावणी करते. परंतु तिचा ताठरपणा पाइनच्या जेमतेम एक दशांश असतो, आणि सतत भार राहिला तर ती दिवसेंदिवस वाकतच जाते. आठ फुटी फळीला दोन टोकांनाच आधार देऊन आत दीड फूट ओली माती भरली, तर वर्ष-दोन वर्षांत त्या वाफ्याचे पोट सुटते. म्हणून दर दीड-दोन फुटांवर खुंट ठोकावा. उष्णतेने वाढण्याच्या बाबतीतही लाकडाशी तिची तुलना नाही. न्यूयॉर्कच्या गोठविणाऱ्या रात्रीपासून भर उन्हाळ्यातील दुपारपर्यंत त्याच आठ फुटी फळीची लांबी अदमासे एक सेंटिमीटरने बदलते. तेव्हा पेचाचे भोक लांबट ठेवावे, कोपऱ्यात फट सोडावी आणि पेच शेवटपर्यंत आवळू नये. आणि कापताना खाली ताडपत्री अंथरून भुसा गोळा करावा; तो भुसा म्हणजे प्लॅस्टिकच असून जमिनीत जिरत नाही.

या फळ्यांचे वकील उत्तर कॅरोलायनातील फोर्ट ब्रॅग येथील पुलाचा दाखला देतात. पुनर्वापरित प्लॅस्टिकचा तो पूल 2009 साली उभा राहिला आणि त्यावरून सुमारे 70 टनांचा रणगाडा गेला. दाखला खरा आहे, पण तुळयांचा तो माल खास घडविलेला होता. बागेसाठी मिळणाऱ्या साध्या फळीवर त्याचे पुण्य चढविणे योग्य नव्हे. वाफ्याची कड म्हणून ती उत्तम. छपराची तुळई किंवा लांब बाकाची बैठक म्हणून, आत पोलादी आधार नसेल तर, ती मुळीच घेऊ नये.

खरी अडचण मला दिसते ती निराळीच. ही फळी दशकानुदशके टिकावयाची, आणि जमीन? बावरी व हाउस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर लिझ क्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी 1973 साली जी बाग सुरू केली, ती पुढल्या वर्षी शहराने महिना एक डॉलर भाड्याने त्यांना दिली. ताबा बागवानांचा, मालकी सरकारची. 1999 साली महापौर जुलियानी यांच्या कारकिर्दीत अशा 114 बागा लिलावात काढण्याचे ठरले; ट्रस्ट फॉर पब्लिक लँड आणि अभिनेत्री-गायिका बेट मिडलर हिची संस्था यांनी पैसे भरून त्या वाचविल्या. ज्याच्या ताब्याला उद्याची हमी नाही, त्याने महागडी फळी का घ्यावी, हा प्रश्न बागेच्या सभेत कोणी ना कोणी काढतोच, आणि तो चुकीचा नाही. माझे उत्तर एवढेच, की अशी चौकट चिकटवू नये, खिळ्यांनी तर जोडूच नये. गंजरोधक पेचांनी जोडावी. नोटीस आली तर बागवानांना माती सोडून जावे लागेल, पण फळ्या सोडवून नेता येतील.

पुढील लेखांकात पाणी : या बागांना ते पुष्कळदा रीतसर परवाना काढून रस्त्यावरील आगीच्या बंबाच्या नळातून घ्यावे लागते.