खिशातील अल्पमोली व्हिडिओ कॅमेरा : अपेक्षा किती ठेवावी?

खिशात मावणारा व्हिडिओ कॅमेरा घ्यावा काय, अशी पृच्छा आपल्यापैकी पुष्कळ व्यापारीबंधू करीत असतात. घरचे विवाहकार्य, वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या आठवणी, पावसाळ्यात ट्रकमधून भिजून आलेल्या पोत्यांचा पुरावा, अशी निमित्ते निरनिराळी असतात. या साऱ्यांस एकच स्वस्त कॅमेरा पुरेल काय, हा खरा प्रश्न होय.

अमेरिकेतील प्युअर डिजिटल कंपनीच्या 'फ्लिप' कॅमेऱ्याने ही वस्तू लोकप्रिय केली. 2009 साली सिस्कोने ती कंपनी विकत घेतली आणि 2011 साली तो धंदाच बंद केला. तोवर मोबाईल फोन तेच काम करू लागला होता. तेव्हा हाती बरा मोबाईल असता पाच-सहा हजारांचा कॅमेरा त्याहून सरस चित्र देईल, ही आशा धरू नये. फोन मोकळा राहावा आणि कॅमेरा तिपाईवर तासभर ठेवता यावा, एवढ्यासाठीच तो घ्यावा.

खोक्यावर '4के' असे ठळक छापलेले असते. 4के म्हणजे सुमारे 83 लाख चित्रबिंदू. फुल एचडीत सुमारे 21 लाख. कित्येक स्वस्त कॅमेऱ्यांच्या संवेदकात मुळात इतके बिंदू नसतात; थोडे असतील तेच फुगवून संख्या भरली जाते. बारदानावरील छाप पाहून कोणी गहू घेत नाही, वानगी पाहतो. तद्वत दुकानातच दिव्याच्या उजेडात मिनिटभर चित्रण करून ते मोठ्या पडद्यावर पाहावे. खरे महत्त्व संवेदकाच्या आकारास आहे. 1/2.3 इंची संवेदकाचे क्षेत्रफळ सुमारे 28 चौरस मिलिमीटर, तर 'एक इंची' म्हणविणाऱ्याचे (तो प्रत्यक्षात इंचभर नसतोच!) सुमारे 116. प्रकाश चौपट मिळतो. किंमतही तशीच चढते.

जोयडा तालुक्यात ही बाब विशेष ध्यानी धरावी. कुंभारवाड्यासारख्या रानातल्या गावी आषाढात भरदुपारीही माजघरात अंधार असतो. अशा जागी लहान संवेदकाचे चित्र कणीदार होते. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या झाडीतील धनेश 'डिजिटल झूम'ने जवळ आणू पाहाल तर काळा डाग तेवढा हाती लागेल.

आवाजाची उपेक्षा मात्र सर्वांत महाग पडते. कौलांवर पाऊस कोसळत असता चार हात दूर बसलेल्या आजोबांचे शब्द कॅमेऱ्यातील मायक्रोफोनास पकडता येत नाहीत. माझ्या मते बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याची सोय 4केहून अधिक मोलाची.

कार्डाचा हिशेब सोपा आहे. सेकंदास 60 मेगाबिट या वेगाने तासाला 27 गिगाबाइट जागा लागते. 64 चे कार्ड दोन तासांहून थोडे अधिक पुरते. कार्डावर 'व्ही30' ही खूण असावी. बॅटरी काढता येणारी असून जवळ दुसरी असावी. पावसात वीज केव्हा जाईल त्याचा नेम नसतो. दिव्यांची लुकलुक टाळण्यास वारंवारिता 50 हर्ट्झ ठेवावी.

पोत्यांच्या पुराव्यासाठी आधी तारीख व वेळ जुळवून घ्यावी, आणि ट्रकचा क्रमांक, ताडपत्री व भिजलेला माल हे एकाच सलग चित्रणात घ्यावे. काम होताच कॅमेरा पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. आपल्याकडील दमट हवेत भिंगास बुरशी फार लवकर धरते.