चमकुऱ्याचा गड्डा उन्हाळ्यात सांभाळा



पाडवा उलटला की आपल्या भागात हिरवी भाजी दुर्मिळ होते. कापसाचे पैसे देण्याघेण्यात संपलेले असतात, उरलेले बी-खतासाठी राखावे लागतात आणि बाजारातील पालेभाजी दुपारपर्यंत सुकून जाते. याच दिवसांत परसातला चमकुरा मान टाकतो. पाने पिवळी पडतात, देठ लोळतात आणि घरची माणसे ‘वाळला’ असे समजून त्या कोपऱ्यात राख-कचरा टाकू लागतात. पण वर पान सुकले तरी जमिनीखाली गड्डा जिवंत असतो. चैत्र-वैशाख हे दोन महिने त्याला जपले, तर आषाढ-श्रावणात एक पैसा खर्च न करता घरची भाजी मिळते.

पुण्या-कोकणाकडे ज्याला अळू म्हणतात तोच आपला चमकुरा. १९५६ पर्यंत भैंसा-मुधोळचा भाग नांदेड जिल्ह्यात होता, त्यामुळे हा शब्द आपल्या घरात टिकून आहे. आपले तेलुगू शेजारी त्याच्या कंदाला चामगड्डा म्हणतात. नाव काहीही असो, त्याला लागते तेवढेच : सावली, ओल आणि कुजलेले शेणखत.

उन्हाळ्यातील काम

पिवळी व सडकी पाने देठासकट काढून टाका. मधला कोंब मात्र ओढू नका. गड्ड्याभोवतीची माती खुरप्याने वरवर मोकळी करा. आपली काळी माती उन्हात भेगाळते, भेगांतून गरम हवा आत शिरते आणि गड्डा सुकतो. म्हणून भेगा मातीने बुजवून वर सोयाबीनचे कुटार किंवा वाळलेला पाला तीन-चार बोटे जाड पसरा. दुपारचे ऊन थेट येत असेल तर चार काठ्या रोवून वर पऱ्हाट्यांचा लहानसा मांडव घाला. दर तीन-चार दिवसांनी सकाळी किंवा संध्याकाळी पाणी द्या, भर दुपारी देऊ नका. हाताला ओल लागली म्हणजे पुरे.

वाटणी आणि लागवड

जुने बेट फार दाटले की पाने लहान होत जातात. अशा वेळी पहिल्या पावसाच्या सुमारास बेट खणून काढावे व बाजूची पिल्ले वेगळी करावीत. कोंब असलेला, टणक, लिंबाएवढा गड्डा निवडावा. मऊ पडलेला किंवा आतून काळा असलेला गड्डा लावू नये. दोन-तीन इंच खोल आणि दीड-दीड फुटांवर लावून प्रत्येक आळ्यात दोन ओंजळी शेणखत घालावे. सर्वांत चांगले गड्डे आधी खाऊन उरलेसुरले लावणारे घर दरवर्षी बारीक पान काढते.

नवीन बेणे घ्यायचे असेल, तर ज्या घरची भाजी आपण खाल्ली आहे त्याच घरून घ्या. ओढ्याकाठचा रानअळू व कुंडीतली शोभेची झाडे पानांनी सारखी दिसतात, पण ती खाण्याची नव्हेत.

रोग आणि कीड

सततच्या पावसात पानांवर पाणथळ, गोल, तपकिरी-काळे डाग पडून पान कुजू लागले तर तो करपा समजावा. अशी पाने लगेच तोडून वाफ्याबाहेर जाळावीत किंवा खोल पुरावीत. हा रोग किरकोळ नाही. प्रशांत महासागरातील सामोआ बेटांवर १९९३ साली तो शिरला आणि लोकांचे मुख्य अन्न असलेले हे पीक थोड्याच काळात जवळजवळ नाहीसे झाले. तेथे बहुतेक शेतांत एकाच, रोगाला बळी पडणाऱ्या जातीची लागवड होती. म्हणून परसात हिरव्या देठाचा व काळ्या देठाचा असे दोन्ही चमकुरे ठेवावेत. एक गेला तर दुसरा तगण्याची आशा राहते.

अळ्या व गोगलगायी सकाळी हाताने वेचा. मावा दिसला तर पानाच्या खालच्या बाजूवर पाण्याची धार मारा.

कापसाचा पंप इकडे वळवू नका

कापसावर फवारून उरलेले औषध वाया जाऊ नये म्हणून ते परसातल्या भाजीवर मारले जाते. हे फार धोक्याचे आहे. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधाला २००५ सालापासून भाजीपाल्यावर वापरण्यास मनाई झाली, ती उगीच नव्हे. २०१७ साली पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. जे औषध श्वासावाटे व कातडीतून माणसाला आडवे करते, ते मुलांच्या ताटात जाऊ देऊ नये. पंप धुतलेले पाणीही या वाफ्यात ओतू नका.

सांडपाण्याचा नियम

न्हाणीचे पाणी चमकुऱ्याला चालते, मात्र ते वाहते हवे. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यात डासाच्या अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून वाफ्याला उतार ठेवा आणि आठवड्यातून एकदा चर पूर्ण कोरडा पडू द्या. फिनाइल किंवा ब्लीचिंगचे पाणी बाजूला वळवा. संडासाच्या खड्ड्याचे पाणी तर वाफ्याजवळही येता कामा नये, त्यातून जंतांची अंडी पानांवर येतात.

खाण्याची रीत

या पानांत डोळ्यांना उपयोगी असे ‘अ’ जीवनसत्त्व तयार करणारे द्रव्य भरपूर असते. ते अंगी लागण्यास थोडे तेल लागते, म्हणून फोडणी टाळू नये. वाढत्या वयाची मुले आणि गरोदर बायका यांच्या ताटात आठवड्यातून दोनदा तरी हिरवी भाजी असावी असे म्हणणे कमीच आहे, कारण हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था मोठ्या माणसाला रोज १०० ग्रॅम पालेभाजी सांगते.

चमकुरा कच्चा किंवा अर्धा शिजलेला कधीही खाऊ नये. पानात ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक कण असतात, तेच घशाला खाजवतात. पाने धुऊन, चिरून चांगली उकळावीत, पहिले पाणी टाकून द्यावे आणि मग तुरीची डाळ व चिंच किंवा आंबटचुका घालून पूर्ण शिजवावे. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही भाजी खाऊ नये.

तोडणी करताना बाहेरची पाने घ्यावीत आणि प्रत्येक झाडावर आतली दोन-तीन कोवळी पाने सोडावीत, म्हणजे बेट थकत नाही.

सध्या तरी एवढेच करावे : वाफा साफ करा, भेगा बुजवा, कुटार पसरा. पावसाळ्यात बेटे वाटाल तेव्हा ज्या घरी परस आहे पण भाजी नाही, तेथे चार गड्डे नेऊन द्या, आणि उन्हाळ्यात ते कसे जपायचे हेही सांगा.