जुने नाल पुन्हां बसविण्याची मजुरी

घोडा बाळगणारे शेतकरी व नालबंद यांच्यांत एका गोष्टीवरून वरचेवर खटका उडतो. महिना-दीड महिन्यानें नालबंद येतो, नाल काढतो, खूर तासतो, आणि नाल अद्याप झिजलेले नाहींत असें पाहून तेच पुन्हां ठोकतो. मजुरी देण्याची वेळ आली म्हणजे मालक म्हणतो, "नवें तुम्ही काय घातलें? लोखंड माझेंच, आणि तेंहि जुनें. निम्मे पैसे घ्या." नालबंद कधीं ते मुकाट्यानें घेतो, कधीं हुज्जत घालतो, आणि पुष्कळदां कांहीं न बोलतां पुढच्या खेपेस येण्याचें टाळतो. या निम्म्या दराच्या रीतीविषयीं येथें लिहावयाचें आहे; कारण आमच्या मतें ती हिशेबानें चुकीची आहे, व तिचा दंड अखेर घोड्याच्या पायाला भरावा लागतो.

नाल बसविण्याचा दर म्हणून आपण जी रक्कम देतों तींत दोन निरनिराळ्या बाबी एकत्र झालेल्या असतात. एक लोखंड व दुसरी मेहनत. जुना नाल वापरल्यानें वांचतें तें फक्त लोखंड. मेहनतींतील एकहि पायरी कमी होत नाहीं. मुडपलेलीं खिळ्यांचीं टोकें उघडावीं लागतात, नाल पकडीनें टाचेकडून हळूहळू सैल करून काढावा लागतो, वाढलेला खूर तासून कानशीनें त्याची पातळी साधावी लागते, नाल खुराच्या आकारास जुळवावा लागतो, आणि खिळे मारून त्यांचीं टोकें तोडून पुन्हां मुडपावीं लागतात. हें सर्व तीन-चारशें किलो वजनाच्या जनावराचा पाय मांडीवर घेऊन, कंबर वांकवून करावयाचें असतें. उलट नव्या नालास न लागणारें एक काम जुन्यास लागतें. वापरांत तो थोडा वांकलेला किंवा पसरलेला असतो; त्याच्या भोकांत खिळ्यांचे तुकडे व माती रुतून बसलेली असते. तें सारें साफ करून नाल ऐरणीवर सरळ करावा लागतो.

यावर कोणी विचारील, नाल चांगले आहेत तर ते काढावेच कशाला? झिजेपर्यंत राहूं द्यावे. या प्रश्नाचें उत्तर नालांत नसून खुरांत आहे. घोड्याचा खूर आपल्या नखाप्रमाणें सतत वाढतो. महिन्याकाठीं सुमारें पाऊण ते एक सेंटिमीटर. अनवाणी घोड्याचा खूर चालण्यानें झिजतो म्हणून ही वाढ फारशी दिसत नाहीं. नाल असला कीं झीज लोखंडाची होते, खुराची होत नाहीं. खूर पुढच्या अंगास लांबतो व नाल त्याच्याबरोबर पुढें सरकतो. सात-आठ आठवडे लोटले म्हणजे नालाचीं मागचीं टोकें टाचेचा कांठ सोडून आंत तळव्याच्या कोपऱ्यांत दाबूं लागतात. तेथें रक्त साकळतें आणि घोडा लंगडतो. शिवाय खुराचें टोंक लांबल्यामुळें दर पावलास पायाच्या मागील कंडरांवर ताण पडतो. तेव्हां नाल झिजो वा न झिजो, चार ते सहा आठवड्यांनीं तो काढून खूर तासला पाहिजे. मऊ रानांत चालणाऱ्या घोड्याचे नाल एवढ्या मुदतींत फारसे झिजत नाहींत, म्हणूनच जुने नाल पुन्हां वापरण्याचा प्रश्न निघतो.

आतां हिशेब पाहूं. दर गांवोगांवचे निराळे असतात, म्हणून खालील आंकडे केवळ उदाहरणादाखल धरावे. समजा, चारी पायांस नवे नाल बसविण्याचे १००० रुपये ठरले आहेत. त्यांत मजुरीचे ६००, चार नालांचे ३४० व खिळ्यांचे ६० रुपये आहेत. चारी नाल जुनेच वापरले तर वजा व्हावयाचे ते ३४० रुपये. म्हणजे नालबंदास ६६० रुपये मिळाले पाहिजेत. मालकानें निम्म्या दरानें ५०० दिले तर खिळ्यांचे ६० जाऊन नालबंदाच्या हातीं मजुरी म्हणून ४४० रुपये राहतात. काम तेंच, किंबहुना थोडें अधिक, आणि मजुरींत मात्र १६० रुपयांची कपात! पुढच्या पायांचे नाल नवे व मागच्या पायांचे जुने असा प्रकार असल्यास दोन नालांचे १७० वजा करून ८३० द्यावे. मालकानें नवे नाल स्वतः बाजारांतून आणून दिले तरी हाच न्याय लावावा. भट्टी पेटवून नाल तापवावा लागला तर कोळशाचा खर्च निराळा धरणें रास्त आहे.

दुसऱ्या बाजूनेंहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. कांहीं नालबंद जुनेच नाल ठोकून नव्याचे पूर्ण पैसे मागतात. न बसविलेल्या लोखंडाची किंमत घेणें हें उघड गैर आहे व मालकानें तें देऊं नये. यासाठीं मजुरी व लोखंड यांचे दर पहिल्याच दिवशीं वेगवेगळे ठरवून घ्यावे. एकठोक दर ठरवूं नये. एकठोक दरांतच ही सारी भांडणें उगवतात.

नालबंदाच्या मजुरीस गांवची अशी रूढ मोजणी नाहीं याचें कारणहि जुनें आहे. लोहार-सुतार हे गांवगाड्याचे बलुतेदार. त्यांचें बलुतें खळ्यावर ठरलेलें असे. नालबंद बहुतेक ठिकाणीं या व्यवस्थेबाहेरचा, फिरत्या पायाचा, रोख पैशावर काम करणारा. त्यामुळें दर खेपेस घासाघीस होत आली. लष्करी व्यवहारांत मात्र हा खर्च कोणी किरकोळ मानीत नसे. मराठेशाहींत स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणाऱ्या शिलेदारास मोहिमेपूर्वीं जी आगाऊ रक्कम मिळे तिला नालबंदी असेंच नांव होतें. सरकारी घोड्यावर बसणाऱ्या बारगिरास ती चिंता नसे. आज दत्तजयंतीच्या सुमारास तापीकांठीं सारंगखेड्याच्या बाजारांत घोडा घेणारा मालक त्याच्या भोंवऱ्यांचा, रंगाचा, चालीचा आणि चंदीचा विचार करतो. वर्षांतून आठ-दहा वेळां नालबंद बोलवावा लागेल हा आंकडा मात्र फार थोड्यांच्या मनांत असतो.

जुना नाल पुन्हां वापरावयाचा किंवा नाहीं हें ठरविणें नालबंदाकडे असावें. नालाच्या पुढच्या भागाची जाडी निम्म्याच्या आसपास आली असेल तर तो पुढची खेप पुरी करणार नाहीं. मधेंच पातळ होऊन मोडेल किंवा पसरेल. एक बाजू दुसरीपेक्षां अधिक झिजली असेल तर घोडा तिरपा उभा राहील व सांध्यांवर भार विषम पडेल. खिळ्याचें डोकें बसण्याची खाच झिजून उथळ झाली असेल तर खिळा घट्ट धरत नाहीं आणि नाल खडखडूं लागतो. यांपैकीं कोणताहि दोष असला तर नाल मोडींत टाकावा. माथेरानास मोटारींस मज्जाव असल्यामुळें प्रवासी व सामान वाहणाऱ्या घोड्यांचा राबता मोठा. तेथील जांभ्या दगडाच्या चढउतारावर राबणाऱ्या घोड्याचा नाल आणि काळ्या रानांत फेरी मारून येणाऱ्या घोड्याचा नाल यांना एकच मुदत लावतां येत नाहीं. जाणता नालबंद काढलेला नाल लगेच फेंकीत नाहीं, उलटून पाहतो. कोणत्या कडेला झीज अधिक आहे यावरून घोडा पाय कसा टाकतो हें त्याला कळतें व खूर कोठें अधिक तासावा हें तो ठरवितो. असा मनुष्य "हे नाल आतां चालणार नाहींत" असें म्हणाला तर तो लोखंड विकावयास बसला आहे असा संशय घेऊं नये. दुसऱ्या घोड्याचे उतरलेले नाल आपल्या घोड्यास घालण्याचा आग्रह तर मुळींच धरूं नये. पुढचा खूर गोलसर व मागचा निमुळता असतो, आणि प्रत्येक घोड्याची घडण निराळी. नाल लहान पडला म्हणून खूरच घासून त्यांत बसविणें हा प्रकार कांहीं ठिकाणीं दिसतो. त्यानें खुराची भिंत पातळ होते व पुढील खेपेस खिळ्यास जागा उरत नाहीं.

नाल जुना चालेल, खिळा जुना चालणार नाहीं. नालाच्या खिळ्याच्या टोंकास एका अंगानें उतार दिलेला असतो. त्यामुळें तो खुरांत शिरल्यावर बाहेरच्या बाजूस वळतो व भिंतींतून बाहेर येतो. एकदां मारून काढलेल्या खिळ्याचा सरळपणा व हा उतार दोन्ही बिघडलेले असतात. तो ठोकून सरळ करून पुन्हां मारला तर कोणीकडे जाईल याचा नेम नाहीं. खुराच्या तळाशीं भिंत व तळवा यांच्यामधें एक फिकट रेघ दिसते. तिच्या आंत जिवंत भाग असतो. खिळा तेथें शिरला तर घोडा त्याच वेळीं पाय ओढतो, किंवा दोन-तीन दिवसांनीं खूर गरम होऊन, आंत पू धरून तो पाय टेकेनासा होतो. घोड्यास धनुर्वाताची बाधा इतर जनावरांपेक्षां लवकर होते, आणि अशी अरुंद, खोल जखम त्या रोगास अनुकूल असते. साठ रुपयांच्या खिळ्यांत काटकसर करणाऱ्यानें हें ध्यानीं ठेवावें, व घोड्यास धनुर्वाताची लस दिली आहे कीं नाहीं हेंहि पशुवैद्यास विचारून घ्यावें.

बसविलेला नाल आठवड्याच्या आंत गळून पडला तर पैसे कोणी सोसावे? खिळे सैल राहिल्यामुळें तो पडला असेल तर नालबंदानें मजुरी न घेतां बसवून द्यावा. चांगले नालबंद हें आपण होऊन करतात. घोड्यानें मागच्या पायानें पुढच्या पायाचा नाल ओढून काढला असेल, किंवा कुंपणाच्या तारेंत पाय अडकला असेल, तर तो दोष कारागिराचा नव्हे. आणि नालबंद नको म्हणत असतां मालकानें हट्टानें जुनाच नाल घालावयास लावला असेल तर त्याच्या सैलपणाचा बोल मालकानें आपल्याकडे घ्यावा.

शेतकऱ्यांत घोडा बाळगणारे थोडे व बैल बाळगणारे पुष्कळ, म्हणून बैलांच्या पत्र्यांविषयींहि दोन शब्द. बैलाचा खूर दुभंगलेला असल्यामुळें एका पायास दोन, अशा चार पायांस आठ पत्र्या लागतात. पत्री पातळ असते. उसाच्या हंगामांत डांबरी सडकेवर गाडी ओढणाऱ्या बैलाची पत्री झिजून जाते, तेव्हां जुनी पत्री पुन्हां मारण्याचा प्रसंग क्वचितच येतो. येथें तंटा होतो तो गळून पडलेल्या एखाद्या पत्रीवरून. मालक म्हणतो, आठांतली एकच मारली, आठवा हिस्सा घ्या. परंतु पत्री एक असो वा आठ, बैल दोरानें पाडावाच लागतो, चारी पाय बांधावेच लागतात, त्याला दोन-तीन माणसें लागतातच, आणि लाथ बसण्याचा धोकाहि तेवढाच. म्हणून पाडण्याची मजुरी निराळी व पत्रीमागें दर निराळा ठरवावा. एका पत्रीसाठीं बैल पाडलाच आहे तर बाकीच्या सातहि हालवून पाहाव्या. सैल असतील त्या त्याच वेळीं घट्ट करून घ्याव्या. भरल्या पोटीं मात्र बैल पाडूं नये. पोट फुगून जिवावर बेतण्याचा संभव असतो.

आतां मोडींत निघालेल्या नालांचा प्रश्न. लोखंड मालकाचें, तेव्हां मोडहि मालकाची. परंतु पुष्कळ ठिकाणीं ती नालबंदानें न्यावी असा परिपाठ आहे व त्याबद्दल तो दर थोडा कमी घेतो. तसें असल्यास तें आधीं बोलून ठेवावें. घोडा काळा असेल तर ही बाब अगदींच क्षुल्लक नाहीं. शनीच्या पीडेसाठीं काळ्या घोड्याच्या नालाची अंगठी करून घेणारे लोक आहेत, आणि असा नाल मोडीच्या भावानें जात नाहीं. त्या अंगठीच्या गुणाविषयीं आम्हांस कांहीं म्हणावयाचें नाहीं. तिच्या किंमतीचा वांटा कोणाचा, एवढेंच ठरलेलें असावें.

काम आटोपल्यावर जागा झाडून घ्यावी. घोड्याच्या एका पायास बहुधा सहा ते आठ खिळे असतात. किती निघाले तें मोजून ठेवावें, तोडलेलीं टोकेंहि वेंचावीं, आणि सारे हातीं आले म्हणजे मगच घोडा त्या जागेवर बांधावा.